‘लाइट’चा विरुद्धार्थी शब्द कोणता? आधी वाक्य सांगा!



इंग्रजीच्या घटक चाचणीत हमखास येणारा एक प्रश्न आहे, ‘राइट द ऑपॉझिट वर्ड’. खाली पाच शब्द आणि प्रत्येकाला एक गुण. त्या पाचांत ‘लाइट’ हा शब्द बरेचदा असतो. तिसरी-चौथीच्या कोणत्याही वर्गाचे पेपर तपासायला घ्या, या एका शब्दाची चार तऱ्हेची उत्तरं सापडतील. काही मुलं ‘डार्क’ लिहितात, काही ‘हेवी’, एखादं ‘ऑफ’. आणि खेड्यातल्या शाळेत एखादा तरी असा निघतोच, जो सरळ ‘लोडशेडिंग’ लिहून मोकळा होतो! उत्तरसूचीत मात्र एकच उत्तर छापलेलं असतं, ‘डार्क’. बाकी सगळ्यांवर फुली पडते.

आज मला त्या फुलीबद्दल बोलायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. यातलं एकही मूल चुकलेलं नाही, चुकलाय तो प्रश्न. विरुद्धार्थ शब्दाला नसतो, तो अर्थाला असतो. आणि अर्थ कळतो वाक्यातून. वाक्य न देता ‘लाइट’चा विरुद्धार्थी शब्द विचारणं म्हणजे गावाचं नाव न सांगता ‘एसटी किती वाजता आहे?’ असं विचारण्यासारखं आहे.

तुम्ही म्हणाल, एका गुणाचा प्रश्न, त्यासाठी एवढा लेख कशाला? थोडं सविस्तर पाहू या, म्हणजे हा एक गुण मुलाला किती महागात पडतो ते लक्षात येईल.

एक लाइट, अर्थ किती?

आधी आपण मोठी माणसंच या शब्दाकडे नीट पाहू. नेहमीच्या वापरातले अर्थ घेतले आहेत. प्रत्येकाबरोबर छोटं उदाहरण, समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दही दिला आहे. वहीत उतरवून घेतलं तरी चालेल.

१. उजेड, प्रकाश (नाम). ‘द लाइट ऑफ द सन’, म्हणजे सूर्याचा प्रकाश. समानार्थी ‘ब्राइटनेस’, विरुद्धार्थी ‘डार्कनेस’. नामाचा विरुद्धार्थी शब्द नामच हवा, त्यामुळे इथे नुसतं ‘डार्क’ लिहिण्यापेक्षा ‘डार्कनेस’ जास्त बरोबर.

२. भरपूर उजेड असलेलं (विशेषण). ‘अ लाइट रूम’, उजेडाची खोली. समानार्थी ‘ब्राइट’, विरुद्धार्थी ‘डार्क’.

३. वजनाने हलकं. ‘अ लाइट बॅग’, हलकी पिशवी. विरुद्धार्थी ‘हेवी’.

४. फिका रंग. ‘लाइट ब्लू’, फिका निळा. समानार्थी ‘पेल’, विरुद्धार्थी ‘डार्क’. मराठीत आपण इथे ‘गडद’ म्हणतो, ‘अंधारा निळा’ म्हणत नाही.

५. प्रमाणाने कमी. ‘लाइट रेन’, ‘लाइट ट्रॅफिक’. विरुद्धार्थी ‘हेवी’. पण मराठीत जड पाऊस पडत नाही, जोरदार किंवा मुसळधार पडतो. आणि रस्त्यावर वर्दळ कमी किंवा जास्त असते.

६. पचायला हलकं. ‘अ लाइट मील’. विरुद्धार्थी ‘हेवी’. चहाची गोष्ट मात्र वेगळी आहे. आपण सर्रास ‘लाइट चहा’ म्हणतो, पण इंग्रजीत त्याला ‘वीक टी’ म्हणतात आणि कडक चहाला ‘स्ट्राँग टी’.

७. कमी कष्टाचं किंवा सौम्य. ‘लाइट वर्क’ला विरुद्ध ‘हार्ड वर्क’ किंवा ‘हेवी वर्क’. ‘लाइट पनिशमेंट’ला विरुद्ध ‘सिव्हिअर पनिशमेंट’, म्हणजे कडक शिक्षा.

८. सावध झोप. ‘लाइट स्लीप’. विरुद्धार्थी ‘डीप स्लीप’, म्हणजे गाढ झोप.

९. गंभीर नसलेलं. ‘लाइट रीडिंग’ला विरुद्ध ‘सीरियस रीडिंग’. ‘लाइट म्युझिक’ला आकाशवाणीवर ‘सुगम संगीत’ हा सुंदर शब्द आहे आणि त्याच्या समोर उभं राहतं शास्त्रीय संगीत, म्हणजे ‘क्लासिकल’.

१०. पेटवणे, लावणे (क्रियापद). ‘लाइट द लॅम्प’, दिवा लाव. विरुद्धार्थी ‘पुट आउट’, विझव. याचा भूतकाळ ‘लिट’ होतो. ‘लाइटेड’सुद्धा चालतं.

आता मोजा. डार्कनेस, डार्क, हेवी, हार्ड, सिव्हिअर, डीप, सीरियस, क्लासिकल, पुट आउट. एका शब्दाचे नऊ विरुद्धार्थी शब्द झाले! उत्तरसूचीत त्यातला एक. मग ज्या मुलाने ‘हेवी’ लिहिलं, त्याच्या मनात दप्तर होतं आणि ज्याने ‘डार्क’ लिहिलं, त्याच्या मनात खोली होती, एवढाच काय तो फरक.

आणि तो ‘लोडशेडिंग’वाला? त्याचं उत्तर इंग्रजी म्हणून चालणार नाही हे खरं. पण तो मूर्ख नाही. त्याच्या घरात ‘लाइट’ हा मराठी शब्द आहे. ‘लाइट गेली’, ‘लाइट आली’, ‘लाइट बिल भरायचंय’. या तिन्ही ठिकाणी लाइट म्हणजे वीज. मराठीत ती स्त्रीलिंगी झाली, आपल्यातलीच झाली. इंग्रजीत त्याच अर्थाने ‘पॉवर’ किंवा ‘इलेक्ट्रिसिटी’ म्हणतात. त्या मुलाने त्याच्या ओळखीच्या लाइटचा विरुद्धार्थी शब्द अगदी चोख दिलाय. त्याला फुलीबरोबर एवढं एक वाक्य तरी मिळायला हवं, ‘बाळा, आपली लाइट आणि इंग्रजांची लाइट यात थोडा फरक आहे.’

असं का झालं?

मुलं विचारतात, ‘मॅडम, एकाच शब्दाला इतके अर्थ कशाला?’ याचं उत्तर फार गोड आहे आणि ते आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचतं.

खरं म्हणजे ‘लाइट’ हा एक शब्द नाहीच. ते दोन वेगळे शब्द आहेत. शेकडो वर्षांच्या उच्चारांत झिजत झिजत ते एकसारखे झाले आणि आज एकाच स्पेलिंगमध्ये राहतात. उजेडाचा लाइट वेगळा, हलकेपणाचा लाइट वेगळा. इंग्रजीची बहीण शोभेल अशा जर्मन भाषेत आजही हे दोन शब्द वेगळे आहेत. उजेडाला ‘लिश्त’ आणि हलक्याला ‘लाइश्त’.

पुढची गंमत ऐका. इंग्रजी आणि संस्कृत या एकाच मोठ्या भाषाकुलातल्या. उजेडाच्या लाइटचं नातं संस्कृतमधल्या ‘रुच्’ या धातूशी आहे. रुच् म्हणजे प्रकाशणे, शोभणे आणि आवडणेही. आपले रुचणे, रुची, रोचक हे शब्द त्यातूनच आले. आणि हलकेपणाच्या लाइटचं नातं आहे ‘लघु’शी! लघुकोन, लघुउद्योग, लघुकथा यांतला तो लघु. प्राकृतात ‘लघुक’चं ‘हलुअ’ झालं, अक्षरांची अदलाबदल झाली आणि त्यातूनच आपले हलका, हळू हे शब्द आले. म्हणजे ‘लाइट’ आणि ‘हलका’ हे लांबचे का होईना, भाऊबंदच निघाले.

स्पेलिंगमधल्या ‘जीएच’वरही मुलं अडतात. ‘उच्चार नाही तर लिहायचं कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की पूर्वी तिथे घशातून काढलेला ‘ख’सारखा उच्चार होता. पुढे तो उच्चार गेला, अक्षरं मात्र राहिली. नाइट, राइट, साइट, फाइट यांचंही तसंच. हे एकदा सांगितलं की मुलांना ‘जीएच’ डोक्यावर लादलेलं वाटत नाही, जुन्या घराच्या भिंतीतल्या खुंटीसारखं वाटतं. आज तिथे कंदील टांगत नाहीत, पण खुंटी आहे.

एक सावधानता मात्र हवी. दिसायला सारखं म्हणून प्रत्येक शब्द नातेवाईक नसतो. ‘डिलाइट’ म्हणजे आनंद. त्यात ‘लाइट’ दिसतो, पण तो फ्रेंचमधून आलेला वेगळाच शब्द आहे. त्याचं स्पेलिंग नंतर ‘लाइट’च्या धर्तीवर बदललं गेलं, इतकंच. ‘डी लावलं की विरुद्धार्थ होतो’ असं शिकलेलं मूल ‘डिलाइट’चा अर्थ अंधार करून बसलं, तर त्याला दोष देऊ नका.

मराठीत आपण हे रोज करतो

‘इंग्रजी विचित्र भाषा आहे बाई’ असं आपण सहज म्हणतो. पण मराठी काय कमी आहे? ‘उत्तर’ हा शब्द घ्या. विरुद्धार्थी शब्द सांगा. भूगोलाच्या तासाला ‘दक्षिण’. गणिताच्या तासाला ‘प्रश्न’. आणि ‘उत्तरार्ध’ म्हटलं की समोर ‘पूर्वार्ध’, म्हणजे तिथे उत्तरच्या विरुद्ध ‘पूर्व’ आला! दिशांच्या तक्त्यात पूर्वच्या समोर पश्चिम असते, इथे पूर्वच्या समोर उत्तर बसलंय. चौथीतलं मूल यात कधी गोंधळतं का? नाही. कारण त्याला वाक्य कळतं.

‘लघु’चंही तसंच. व्याकरणात, छंदात लघुच्या समोर गुरू. भूमितीत लघुकोनाच्या पलीकडे विशालकोन. गोष्टींच्या पुस्तकांत लघुकथेच्या समोर दीर्घकथा. आणि ‘हलका’? हलकी पिशवी आणि जड पिशवी. हलका रंग आणि गडद रंग. हलका पाऊस आणि मुसळधार पाऊस. हलक्या प्रतीचं कापड आणि उंची कापड. हलक्या कानाचा माणूस म्हटलं, तर त्याला जड कानाचा हा विरुद्धार्थी शब्दच होत नाही. जड कानाचा म्हणजे कमी ऐकू येणारा!

शेतकरी घरातल्या मुलांना तर यापेक्षा छान उदाहरण देता येतं. भाताच्या जाती तीन प्रकारच्या, हळव्या, निमगरव्या आणि गरव्या. हळवं भात लवकर तयार होतं, गरवं उशिरा आणि निमगरवं मधलं. इथे हळव्याच्या समोर गरवा आहे. पण ‘हळवं मन’ म्हटलं की समोर ‘कठोर मन’ येतं, ‘गरवं मन’ नाही. भातपट्ट्यातल्या मुलाला हे शिकवावं लागत नाही, ते त्याच्या कानात असतं.

माझा मुद्दा हाच आहे. आपल्या मुलांकडे हे ज्ञान आधीपासून आहे. अर्थ पाहून विरुद्धार्थ निवडण्याची बुद्धी मराठीने त्यांना फुकट दिलेली आहे. आणि इंग्रजीच्या तासाला आपण त्यांना सांगतो की ती बुद्धी वर्गाबाहेर ठेव आणि यादी पाठ कर.

प्रत्येक विरुद्ध सारखा नसतो

यादीमुळे आणखी एक गोष्ट हरवते. विरुद्धार्थाचे प्रकार असतात.

बल्ब चालू आहे किंवा बंद आहे. मधलं काही नाही. ‘ऑन’ नाही म्हणजे ‘ऑफ’च. जिवंत-मृत, खरं-खोटं हे याच प्रकारातले.

पण हलकं-जड तसं नाही. दप्तर जड नाही, म्हणजे ते हलकंच आहे असं होतं का? मधे बरीच जागा आहे. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याला माहीत आहे. म्हणजे २० किलोच्या मुलाला २ किलो आणि ४० किलोच्या मुलाला ४ किलो. आता ३ किलोचं दप्तर हलकं की जड? दुसरीतल्याला जड, आठवीतल्याला हलकं! पावसाचंही तसंच. हवामान खात्याच्या हिशोबात २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर पाऊस झाला तर तो हलका आणि ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की जोरदार. मधला सगळा मध्यम. म्हणूनच बातम्यांत ‘हलका ते मध्यम’ असं ऐकू येतं.

तिसरा प्रकार जोडीचा. शिक्षक-विद्यार्थी, देणे-घेणे, आई-मूल. ही माणसं काही एकमेकांच्या विरुद्ध नाहीत, एकाशिवाय दुसरं पुरं होत नाही एवढंच.

चौथीच्या मुलांना या प्रकारांची नावं सांगायची गरज नाही. पण ‘मधे काही असतं का?’ हा एक प्रश्न विचारून बघा. गरम आणि थंड यांच्या मधे कोमट. लाइट आणि डार्क यांच्या मधे संधिप्रकाश. मुलं अशी काही उत्तरं देतात की तास कधी संपला ते कळत नाही. भाषेच्या तासाला विज्ञान आणि गणित आपोआप येतं.

समानार्थी म्हणजे जुळे नव्हेत

विरुद्धार्थाची जी गत, तीच समानार्थी शब्दांची. ‘लाइट’ला समानार्थी म्हणून गाइडमध्ये ब्राइट, पेल, ईझी, जेंटल असे चार शब्द एका ओळीत दिलेले असतात. मूल ते पाठ करतं आणि निबंधात ‘लाइट रेन’च्या जागी ‘ईझी रेन’ लिहितं. फिक्या निळ्याला ‘पेल ब्लू’ म्हणता येतं, पण ‘ब्राइट ब्लू’ म्हटलं तर तो भडक निळा होतो, म्हणजे जवळजवळ उलटाच अर्थ! यादीत शेजारी बसलेले ब्राइट आणि पेल हे एकमेकांचे समानार्थी नाहीतच. दोघेही ‘लाइट’चे मित्र आहेत, पण वेगवेगळ्या गल्लीतले.

पीटर मार्क रोजे नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८५२ मध्ये आपला प्रसिद्ध समानार्थी कोश छापला, ज्याला आज सगळे ‘थिसॉरस’ म्हणून ओळखतात. त्याने शब्द अक्षरांच्या क्रमाने न लावता कल्पनांप्रमाणे गटांत लावले होते. उजेडाचा गट वेगळा, हलकेपणाचा गट वेगळा. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी ज्याने हे काम केलं, त्यालाही आधी अर्थ आणि मग शब्द हाच क्रम योग्य वाटला. आपल्या याद्या मात्र आधी शब्द धरतात आणि अर्थ विसरतात.

‘पण परीक्षेत यादीच विचारतात ना!’

हा आक्षेप मला माहीत आहे आणि तो खोटा नाही. वर्गात चाळीस मुलं, त्यात बहुवर्ग अध्यापन, वर माहिती भरायची कामं. पालक विचारतात, ‘शेजारच्या इंग्रजी शाळेतल्या मुलाला पाचशे शब्द पाठ आहेत, आमच्याला किती?’ शिष्यवृत्ती परीक्षा बहुपर्यायी, तिथे उत्तर एकच गोल काळा करून द्यायचं. अशा वेळी यादी हातात असली की सगळ्यांनाच धीर वाटतो.

मीही यादीच्या सरसकट विरोधात नाही. पहिली-दुसरीत बिग-स्मॉल, हॉट-कोल्ड, अप-डाउन अशा जोड्या चित्रासह, हावभावासह शिकवायलाच हव्यात. तिथे एक शब्द, एक अर्थ, एक विरुद्धार्थ हेच योग्य. लहान मुलाला एकदम नऊ अर्थ सांगून घाबरवायचं नाही. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हापासून मराठी शाळांमधल्या शिक्षकांनी चित्रं, गाणी, खेळ यांतून हे काम मनापासून केलं आहे.

पण तिसरीपासून पुढे यादी पुरत नाही. ‘ओल्ड’चं पहा. ‘ओल्ड मॅन’च्या समोर ‘यंग’, ‘ओल्ड बॅग’च्या समोर ‘न्यू’. ‘राइट’च्या समोर कधी ‘राँग’, कधी ‘लेफ्ट’. ‘हार्ड’च्या समोर कधी ‘सॉफ्ट’, कधी ‘ईझी’. ‘शॉर्ट’च्या समोर कधी ‘लाँग’, कधी ‘टॉल’. रोजच्या वापरातला इंग्रजी शब्द जितका साधा, तितके त्याला अर्थ जास्त. म्हणजे यादी नेमकी तिथेच फसवते जिथे मुलाला तिची सगळ्यात जास्त गरज असते.

आणि पाठांतराच्या बाजूने विचार केला तरी वाक्यासकट शिकलेला शब्द जास्त टिकतो. ‘हेवी बॅग, लाइट बॅग’ हे मूल विसरत नाही, कारण खांद्याला आठवतं.

‘फेअर’ची गोष्ट

एकेरी याद्यांमधून नकळत काय शिकवलं जातं, त्याचं एक उदाहरण द्यावंसं वाटतं. ‘फेअर’ या शब्दाचे तीन नेहमीचे अर्थ. न्याय्य, उजळ वर्णाचा आणि जत्रा. पहिल्याचा विरुद्धार्थी ‘अनफेअर’, दुसऱ्याचा ‘डार्क’, तिसऱ्याला विरुद्धार्थी शब्दच नाही. आता यादीत नुसतं ‘फेअर-डार्क’ छापलं आणि त्याच पानावर वर ‘गुड-बॅड’, खाली ‘ब्यूटिफुल-अग्ली’ असलं, तर मूल काय समजेल? डावीकडचे सगळे चांगले, उजवीकडचे सगळे वाईट. सावळ्या रंगाची मुलगी ती यादी पाठ करताना स्वतःला कोणत्या रांगेत बसवेल? हिंदुस्तान युनिलिव्हर कंपनीलासुद्धा २०२० मध्ये आपल्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ करावंसं वाटलं. आपल्या वहीतल्या यादीचा विचार आपण कधी करणार?

तिथे ‘अ फेअर गेम’ आणि ‘अ‍ॅन अनफेअर गेम’ अशी जोडी लिहिली की प्रश्न मिटतो. मुलांना हा अर्थ लगेच पटतोही. मधल्या सुट्टीत रोज तोच वाद चालू असतो ना!

वर्गात काय करता येईल?

यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत.

पहिलं, शब्दाऐवजी शब्दांची जोडी लिहा. फळ्यावर ‘लाइट-डार्क’ असं न लिहिता ‘लाइट रूम-डार्क रूम’, ‘लाइट बॅग-हेवी बॅग’, ‘लाइट स्लीप-डीप स्लीप’ असं लिहा. दोन सेकंद जास्त लागतात.

दुसरं, ‘मित्र शोधा’ हा खेळ. एका गटाकडे रूम, बॅग, रेन, ब्लू, वर्क, स्लीप अशी कार्डं. दुसऱ्या गटाकडे डार्क, हेवी, हार्ड, डीप. मधे एक मूल ‘लाइट’ची पाटी घेऊन उभं. ज्याचं कार्ड येईल, त्याच्यासाठी समोरून योग्य विरुद्धार्थी मित्राने धावत यायचं. ‘रेन’ला ‘हेवी’ पळत येतो, ‘ब्लू’ला ‘डार्क’. एखाद्या वेळी दोघं धावतात, मग वाद होतो. तो वाद होऊ द्या, शिकणं तिथेच असतं.

तिसरं, पाट्या वाचा. टोल नाक्यावर ‘हलकी वाहने’ आणि ‘अवजड वाहने’ असं लिहिलेलं असतं. वडिलांच्या लायसन्सवर ‘एलएमव्ही’ असतं, म्हणजे लाइट मोटर व्हेइकल. कायद्यात ७५०० किलोपर्यंतचं वाहन यात मोडतं. साडेसात टनांची गाडी आणि ती ‘लाइट’! हे ऐकून मुलांचे डोळे जे विस्फारतात ते पाहण्यासारखं असतं. हलकं म्हणजे कशाच्या तुलनेत, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

चौथं, आणि हे प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सर्वांसाठी. शब्दाला वाक्य द्या आणि शब्दाखाली रेघ मारा. ‘माय बॅग इज लाइट’. संपलं. वाक्य द्यायला खरंच जागा नसेल, तर उत्तरसूचीत ‘अर्थानुसार योग्य ते कोणतेही उत्तर ग्राह्य’ एवढी एक ओळ टाका. केंद्रात, बीटमध्ये मिळून पेपर काढताना हा आग्रह आपल्यापैकी कुणीही धरू शकतो. त्यासाठी वरून आदेश यायची वाट पाहायला नको.

पालकांनी काय करावं?

पालकहो, तुमचं इंग्रजी कच्चं असलं तरी यात तुम्ही मदत करू शकता. मूल यादी घेऊन आलं आणि म्हणालं, ‘आई, लाइटचा ऑपॉझिट घे ना’, तर उत्तर तपासायची घाई करू नका. उलट विचारा, ‘कुठली लाइट? दिव्याची, दप्तराची की रंगाची?’ बस, एवढा एकच प्रश्न. तो विचारायला इंग्रजी यावं लागत नाही.

आणि पेपरवर फुली दिसली तर आधी मुलाला विचारा, ‘तुझ्या मनात काय होतं?’ त्याने सांगितलेलं पटलं तर शाळेत येऊन शांतपणे शिक्षकांना दाखवा. भांडायला नको, पण बोलायला हवं. आम्हा शिक्षकांनाही उत्तरसूचीच्या बाहेर पाहायची आठवण कुणीतरी करून द्यावी लागते.

शेवटी एवढंच

सुरुवातीला म्हटलं होतं की हा एक गुण महाग पडतो. कसा ते आता सांगते. ‘हेवी’ लिहिणाऱ्या मुलाने विचार केला होता. त्याने दप्तर आठवलं, वजन आठवलं आणि त्यातून शब्द शोधला. फुली पाहून तो काय शिकतो? ‘माझं डोकं चालवून उपयोग नाही, मॅडमच्या यादीत काय आहे ते महत्त्वाचं.’ मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजीची भीती आधीच असते. त्याच्याजवळ त्या विषयात एकच भांडवल असतं, त्याची स्वतःची समज. तीच चुकीची ठरली तर तो पुढे तोंड उघडत नाही. आठवी-नववीत आपण म्हणतो, ‘या मुलांना इंग्रजी बोलताच येत नाही.’ बोलणार कसं? बोलायला आधी स्वतःच्या डोक्यावर विश्वास लागतो.

तेव्हा येत्या चाचणीचा पेपर काढताना त्या पाच शब्दांपुढे पाच छोटी वाक्यं लिहा. पेपर अर्ध्या पानाने वाढेल. वाढू द्या.